कारणाचा रकाना : नशा तपासायला सरकार कसं शिकलं



बचत गटाचं दप्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. हजेरी, बचत, कर्ज, परतफेड. कर्जाच्या नोंदीत एक रकाना असतो, 'कारण' नावाचा. बियाण्यासाठी, दवाखान्यासाठी, पोरीच्या फीसाठी, असं आपण तिथे लिहितो. आज आम्ही तुम्हाला इतिहासातल्या अशाच एका रकान्याची गोष्ट सांगणार आहोत. तो रकाना चुकीचा भरला गेला, म्हणून शेकडो माणसांच्या नावापुढे खोटी नोंद लागली. कुणीतरी तो पुन्हा तपासला, म्हणून खरं काय ते बाहेर आलं.

विषय आहे नशेचा. गांजा, अफू, गोळ्या आणि आता एमडी.

दारूबद्दल आपण बैठकीत उघड बोलतो. दुकान दिसतं, बाटली दिसते, वास येतो. आडवी बाटली करायला बायका रस्त्यावर उतरतात. गोळीचं तसं नाही. आपल्या शहरात जिला पोरं 'बटन' म्हणतात, ती झोपेची गोळी खिशात मावते आणि तिला वास नसतो. मग काय होतं? अंदाज चालतात. पोरगं दुपारपर्यंत झोपलं, डोळे लाल दिसले, पैसे मागायला लागलं, की गल्लीत चर्चा सुरू. कधी ती खरी असते. कधी पोरगं रात्रपाळी करून आलेलं असतं. दोन्ही वेळा आईचं काळीज सारखंच तुटतं.

अंदाज आणि पुरावा यांच्यात फरक कसा करायचा, हा प्रश्न सरकारलाही पडला होता. त्याला आता सव्वाशे वर्षं होऊन गेली.

सरकारच व्यापारी होतं

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. इंग्रजांच्या काळात अफू आणि गांजा विकायला सरसकट बंदी नव्हती. उलट सरकारच अफूचा मोठा व्यापारी होतं. उत्तर प्रदेशात गाझीपूरला १८२० साली अफूचा सरकारी कारखाना सुरू झाला. तो आजही आहे, फक्त आता तिथलं काम औषधांसाठी चालतं. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि सरकार त्यावर कर घ्यायचं. गावोगावच्या गांजाच्या दुकानांतूनही महसूल यायचा.

त्यामुळे त्या काळात तपासणी व्हायची ती माल चोख आहे का आणि कर बुडत नाही ना, हे बघायला. माणसाच्या शरीराचं काय होतं, हा प्रश्न मागे होता.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका कामासाठी सरकारी प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या. १८४९ साली मद्रासला, १८५३ साली कलकत्त्याला, १८६४ साली आग्र्याला आणि १८७० साली मुंबईला. विषबाधेचे खटले त्यांच्याकडे यायचे. कुणाला सोमल घातला, कुणाला धोतरा दिला, कुणी अफू खाऊन जीव दिला, हे तिथले रसायनतज्ज्ञ शोधून कोर्टाला सांगायचे. शेजारणीने काय पाहिलं यापेक्षा बाटलीत काय निघालं, याला इथे पहिल्यांदा मान मिळाला.

१८९३ : वेड्यांच्या इस्पितळातली वही

१८९३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला, की हिंदुस्थानात गांजामुळे माणसं वेडी होतात असं ऐकतो, ते खरं का? त्यावर सरकारने सात जणांचं मंडळ नेमलं. इतिहासात ते 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' म्हणून ओळखलं जातं. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग. चार इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. त्यांतले डॉ. वॉर्डन हे कलकत्त्याचे सरकारी रसायन परीक्षक, म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस.

या मंडळाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे मराठी मुलूखही त्यात आला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पण गोदावरी ओलांडली की पलीकडे नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. मुंबई इलाख्यात गांजाचं पीक मुख्यतः तिथेच निघायचं.

आता त्या रकान्याकडे येऊ. वेड्यांच्या इस्पितळात माणूस दाखल झाला की वहीत नाव, गाव, वय आणि 'वेडाचं कारण' लिहावं लागे. माहिती बरेचदा पोलिसांच्या कागदावरून यायची. पोलीस विचारणार कुणाला? शेजाऱ्यापाजाऱ्यांना. माणूस चिलीम ओढायचा का? ओढायचा. झालं, कारण लिहिलं 'गांजा'. तो रकाना रिकामा ठेवलेला वरच्यांना रुचत नसे. वर्षाच्या शेवटी या नोंदींची बेरीज व्हायची आणि अहवालात छापून यायचं, की इतके जण गांजाने वेडे झाले. मग सगळे तो आकडा शास्त्र म्हणून सांगायचे.

मंडळाने काय केलं? १८९२ या एका वर्षातल्या नोंदी काढल्या आणि एकेका माणसाची पुन्हा चौकशी केली. त्या वर्षी १,३४४ जण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा, चरस किंवा भांग लिहिलेलं होतं. नीट तपासल्यावर २२२ चे राहिले ९८. त्या ९८ मध्येही काहींना दुसरी कारणं जोडीला होती. म्हणजे निम्म्याहून जास्त नोंदी ऐकीव निघाल्या. कुणाला आधीपासून आजार होता, कुणाच्या घराण्यातच तो होता, कुणाला मोठा धक्का बसला होता. त्यांच्या खऱ्या दुखण्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, कारण कारण आधीच लिहून झालं होतं.

यावरून कुणी म्हणेल, मग गांजा चांगला. तसं मुळीच नाही. उरलेले ९८ होतेच की. अतिसेवन घातक आहे, असं या मंडळानेही लिहिलं. आजचे डॉक्टर तर सांगतात, की कोवळ्या वयात सुरू झालेल्या गांजाने डोक्याचा गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो. आम्हाला यातून एवढंच घ्यायचं आहे, की नशेशी लढणाऱ्याने आधी आपली वही खरी ठेवली पाहिजे.

१९२२ : बाळगोळी आणि डॉ. बार्न्स बाई

दुसरी गोष्ट मुंबईच्या गिरण्यांची आहे आणि ती बायांची आहे. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत कामाला गेली, त्यांत बायाही होत्या. सकाळी गिरणीत जायचं ते संध्याकाळी परत. तान्ह्या लेकराला ठेवायचं कुठे? मग त्याला 'बाळगोळी' द्यायची. तिच्यात अफू असायची. लेकरू दिवसभर निजून राहायचं. रडायचं नाही, आणि दूधही मागायचं नाही.

मुंबई सरकारने गिरणीतल्या बाळंतिणींचा अभ्यास करायला एका डॉक्टर बाईंना नेमलं. त्यांचं नाव डॉ. बार्न्स. १९२२ साली त्यांचा अहवाल आला. त्यांनी लिहिलं, की या कामकरी बायांच्या शंभरातल्या ९८ लेकरांना अफू दिली जाते.

तोवर साहेब लोक काय म्हणत? आया अडाणी आहेत. कारणाच्या रकान्यात 'अडाणीपणा' लिहून मोकळं होणं सोपं होतं. पण बाईंचं काम मुळात बाळंतिणींच्या हालांचंच होतं, त्यामुळे त्यांच्या अहवालात गोळीच्या मागचं जगणंही आलं. पाळणाघर नाही, बाळंतपणाची पगारी सुट्टी नाही, आणि बाई घरी बसली तर चूल पेटत नाही. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या मदतीचा कायदा झाला. त्यामागे कामगारांची चळवळ होती, तसा अशा अभ्यासांचाही आधार होता.

मैत्रिणींनो, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया आपल्या गटांतही आहेत. उसाच्या फडात बांधावर लेकरू निजवून कोयता चालवणं म्हणजे काय, हे त्यांना विचारा. शंभर वर्षांपूर्वीची ती आई आपल्याला लगेच कळते.

रंग बदलणारं रसायन

आता प्रयोगशाळेत जाऊ. १८९६ साली युरोपात, आजच्या एस्टोनिया देशात, मार्क्विस नावाच्या औषधशास्त्रज्ञाने एक सोपी रीत काढली. गंधकाचं तीव्र आम्ल आणि फॉर्मालिन यांचं मिश्रण संशयित मालावर टाकायचं. अफूपासून बनलेली चीज असेल तर जांभळा रंग येतो. पुढे गांजासाठी, कोकेनसाठी अशाच वेगवेगळ्या रंगांच्या चाचण्या निघाल्या. आज पोलिसांकडे नशा तपासायची जी पेटी असते, तिच्यातल्या कुप्यांमध्ये हीच विद्या आहे.

पण रंग आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? नाही. रंग फक्त सांगतो, की संशयाला जागा आहे. दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी वस्तूनेही तसाच रंग येऊ शकतो. म्हणून नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. आपल्या छत्रपती संभाजीनगरला अशी प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, तिचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. तिथल्या यंत्रात मालातले घटक एकेक करून वेगळे केले जातात. आपण धान्य चाळतो तेव्हा खडा वेगळा, भुसा वेगळा, दाणा वेगळा होतो ना, तसं. मग प्रत्येक घटकाचं वजन आणि ठेवण पाहून तो नेमका कोणता, हे ठरवतात.

देशात नशेविरुद्धचा मोठा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. त्यात सगळं वजनावर आहे. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण', वीस किलोपेक्षा जास्त असेल तर 'व्यापारी प्रमाण'. एमडीचं अल्प प्रमाण दोन ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा आहे. म्हणून नमुना नीट घेतला का, सील नीट लावलं का, वजन बरोबर आहे का, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. कागद कच्चा राहिला तर खरा विक्रेताही सुटतो.

कायद्याच्या यादीत नसलेलं विष

आणखी एक अडचण बघा. एमडी, म्हणजे मेफेड्रोन. मुंबईत त्याला 'म्याऊ म्याऊ' असंही नाव पडलं होतं. शेतात पिकत नाही, रसायनांपासून कारखान्यात बनतं. मुंबईत ते पोरांच्या हातात पोचलं, तेव्हा एनडीपीएस कायद्याच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. प्रयोगशाळा सांगणार, हे मेफेड्रोन आहे. पण या कायद्याखाली पकडायचं कसं? शेवटी फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने ते यादीत घातलं. मधल्या काळात किती घरं होरपळली असतील! विष बनवणारे रसायनाचा थोडा फेरफार करून नवी चीज काढतात. तपासणारे आधी ती ओळखायला शिकतात, मग ती यादीत येते. ही शर्यत आजही चालू आहे.

ती आपल्या दारातही आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेने आपल्या शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे टाकले. कोकेन, मेफेड्रोन आणि केटामाइन सापडलं. पैठण म्हटलं की आपल्याला नाथमहाराज आठवतात, पैठणी आठवते, जायकवाडी आठवतं. त्या यादीत हे नाव यावं, याचं आम्हालाही वाईट वाटलं. आपल्याच गटांतल्या बाया वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, पैठण इथल्या कंपन्यांत पॅकिंगला जातात. तिथे चांगली औषधंही बनतात आणि लाखो लोकांना ती लागतात. म्हणून सगळ्या कारखान्यांवर बोट ठेवायचं नाही. पण बंद युनिटमध्ये फक्त रात्रीच हालचाल, पाटी नाही, कामगारांची नोंद नाही, असं दिसलं तर कळवायचं.

शेतातल्या बाबतीतही सावध राहायला हवं. २०१२ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीकडे अफूची शेती पकडली गेली. खसखस आणि अफू एकाच झाडाची. त्याची परवानगी केंद्र सरकार मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच देतं. आता अशी पिकं शोधायला सरकार उपग्रहाची चित्रंही वापरतं. 'खसखशीला चांगला भाव देतो' म्हणत कुणी बी घेऊन दारात आलं, तर बाईने सही किंवा अंगठा करायच्या आधी कृषी सहायकाला विचारावं. सातबारा आपल्या नावावर असेल तर जबाबही आपल्यालाच द्यावा लागतो.

मोजणी झाली, औषध पोचलं का?

२०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. १८६ जिल्ह्यांत, दोन लाख घरांमध्ये माणसं गेली आणि चार लाख सत्तर हजारांहून जास्त लोकांशी बोलली. त्यातून दिसलं, की देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, सुमारे ३ कोटी गांजा-भांग घेतात आणि सव्वादोन कोटींच्या आसपास अफूच्या जातीची नशा करतात.

आम्हाला त्यातला एकच आकडा झोंबला. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळतात. ३७ जण तसेच राहतात. ते ३७ कुणाच्या भरवशावर? घरातल्या बाईच्या. म्हणजे यंत्रं आली, उपग्रह आले, पण घरातल्या माणसापर्यंत दवाखाना पोचायचा राहिलाय. सरकारकडे मागायचं असेल तर ते हे मागायला हवं. १९२२ च्या अहवालात जसं पाळणाघराचं दुखणं पुढे आलं, तसं आता तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीचा डॉक्टर आणि औषध, हे ग्रामसंघाच्या ठरावातून पुढे यावं.

मग आपण काय करायचं?

पहिलं. घरात गोळ्यांची पट्टी किंवा पुडी सापडली तर ती चुलीत टाकू नका आणि चव तर मुळीच घेऊ नका. पट्टीवरचं नाव वाचता येत असेल तर ती डॉक्टरला दाखवा. झोपेच्या काही गोळ्या डॉक्टरही देतात, त्यामुळे आधी चिठ्ठी आहे का ते बघा. पुडीत काय आहे माहीत नसेल तर पोलिसांना कळवा. ती गावात दाखवत फिरू नका, जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरू शकतो.

दुसरं. दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या चाचणीवरून पोराला दोषी ठरवू नका. सर्दीच्या काही औषधांनी ती चुकू शकते. दिवाळीत अनारशाला लावलेली खसखस भरपूर पोटात गेली तरी अफूचा अंश दिसू शकतो. पक्कं काय ते प्रयोगशाळाच सांगते.

तिसरं. पोरगं खरंच अडकलं असेल तर लपवू नका. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ सांगतं, की अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. साखळीने बांधणाऱ्या, मारणाऱ्या केंद्रात लेकराला टाकू नका. मान्यता आहे का ते विचारा.

चौथं. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. विक्रेत्याची खबर द्यायची असेल तर १९३३. हा क्रमांक अमली पदार्थ नियंत्रण विभागाने २०२४ मध्ये सुरू केला. खबर देताना जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा : जागा, वेळ, गाडी. ऐकलेलं असेल तर 'ऐकलंय' असं म्हणा. आणि झडती घ्यायची वेळ आली तर बाईची झडती बाईच घेते, हे कायद्यात लिहिलेलं आहे, ते लक्षात ठेवा.

पाचवं. कुणाच्याही पोराचं नाव बैठकीच्या वहीत लिहू नका. एकदा लिहिलेलं नाव पुसायला फार वर्षं लागतात. १८९२ च्या त्या १२४ जणांचं नाव साफ करायला सरकारला मंडळ नेमावं लागलं. आपल्या पोरांसाठी कुणी मंडळ नेमणार नाही. त्या आईला बाजूला घ्या, तिच्यासोबत दवाखान्यात जा, तिच्या जायच्या-यायच्या खर्चाला गटातून कर्ज द्या. आणि त्या कर्जाच्या कारणाच्या रकान्यात 'दवाखाना' एवढंच लिहा. ते खरंही आहे आणि पुरेसंही.

येत्या बैठकीत दप्तराच्या पहिल्या पानावर १४४४६ आणि १९३३ हे दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाठ करायला लावा. आणि तालुक्याच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीची सोय आहे का, हे दोघीजणींनी जाऊन विचारून या. नसेल तर ठराव कसा लिहायचा, ते पुढच्या भागात बघू.